यकृतातली पाण्याची गाठ आणि गल्लीतलं कुत्रं

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत वर्षातून काही वेळा साधारण सारखाच प्रसंग घडतो. चाळिशीतली बाई, सोबत मुलगा किंवा दीर, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, जेवण जात नाही, कधी कधी खांद्यापर्यंत कळ जाते, एवढीच तक्रार. दोन-तीन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन झालेल्या असतात. मग कुणीतरी सोनोग्राफी करायला सांगतं आणि रिपोर्टवर येतं: यकृताच्या उजव्या भागात नऊ-दहा सेंटिमीटरची गाठ, आत पाणी. मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, दुर्बिणीनं निघेल ना? आईला मोठा काप नको."

प्रश्न रास्त आहे. पण समोरचा डॉक्टर जाणता असेल, तर त्याचं उत्तर देण्याआधी तो बाईलाच एक प्रश्न विचारतो. "मावशी, घरी कुत्रं आहे का? पूर्वी होतं का?" घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात. पोटातल्या गाठीचा आणि कुत्र्याचा काय संबंध?

संबंध थेट आहे. या गाठीला वैद्यकात हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ती होते एका पट्टकृमीमुळे. त्याचं नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस. नाव लांबलचक, पण प्राणी जेमतेम काही मिलिमीटरचा. तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो, शेकड्यांनी राहतो, आणि कुत्र्याला त्याचा फारसा त्रासही होत नाही. कुत्रं चांगलं धष्टपुष्ट दिसतं, शेपूट हलवतं, आणि त्याच्या विष्ठेतून या कृमीची अंडी अंगणात, शेतात, पाणवठ्यावर पडत राहतात. डोळ्यांना न दिसणारी ही अंडी कुत्र्याच्या केसांनाही चिकटलेली असतात. चाऱ्याबरोबर ती मेंढी, शेळी, गाय, म्हैस, डुक्कर यांच्या पोटात जातात आणि त्यांच्या यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी तयार होतात. असं जनावर कापलं किंवा मेलं, त्याचं गाठी असलेलं यकृत वा फुप्फुस कुत्र्यानं कच्चं खाल्लं, की गाठीतल्या सूक्ष्म अंकुरांपासून कुत्र्याच्या आतड्यात नवे कृमी वाढतात. साधारण सहा-सात आठवड्यांत ते अंडी घालू लागतात आणि चक्र पूर्ण होतं.

माणूस या चक्रात चुकून सापडतो. न धुतलेली भाजी, गढूळ पाणी, कुत्र्याला कुरवाळलेला हात तसाच तोंडात. अंडं पोटात फुटतं, अंकुर आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतो आणि बहुतेक वेळा यकृतात अडकतो. दहापैकी सुमारे सात रुग्णांत गाठ यकृतात असते, दोघांत फुप्फुसात, उरलेल्यांत प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू, हाड, कुठेही. लहानपणी शिरलेला अंकुर चाळिशीत गाठ म्हणून हाताला लागतो, इतकी त्याची वाढ सावकाश असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो पुण्यातल्या सुशिक्षित घरांतही पक्का बसलेला आहे. हा रोग मटण खाल्ल्यानं होत नाही. जनावराच्या गाठीतून माणसाला लागण होत नाही; ती कुत्र्याला होते. माणसाला लागण होते ती कुत्र्यातून आलेल्या अंड्यांमुळे. त्यामुळे आयुष्यभर माळ घातलेल्या वारकऱ्यालाही ही गाठ होऊ शकते आणि होतेही. 'आम्ही तर शाकाहारी, आम्हाला कसं झालं,' असं म्हणणाऱ्या कुटुंबाला कोथिंबिरीच्या जुडीकडे आणि दारातल्या कुत्र्याकडे बोट दाखवावं लागतं. दुसरी बाजूही सांगायला हवी: सोनोग्राफीत यकृतात दिसणारी प्रत्येक पाण्याची गाठ हायडॅटिड नसते. साध्या, निरुपद्रवी गाठी कितीतरी जास्त सापडतात आणि त्यांना बहुधा काही करावं लागत नाही. रिपोर्ट हातात पडला म्हणून रात्रीची झोप घालवण्याचं कारण नाही.

मग ही गाठ काढायची कशी, हा मुलाचा प्रश्न. त्याआधी ती आतून कशी असते ते पाहावं लागेल. बाहेरून यकृतानंच तयार केलेलं एक जाड आवरण. त्याच्या आत परजीवीचं स्वतःचं पांढरं, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं दिसणारं पटल. त्याला आतून एक अतिशय पातळ थर, आणि खरा कारखाना तोच. त्याच्यातून अंकुर सुटतात, पाण्यात तरंगतात, तळाशी बारीक वाळूसारखे साचतात. गाठ जुनी झाली की आत पिल्लं गाठी तयार होतात, द्राक्षांच्या घडासारख्या. पाणी निवळशंख असतं, पण दाबाखाली कोंडलेलं असतं. ते पोटात सांडलं तर दोन संकटं एकदम येतात. एक तात्काळ: तीव्र ॲलर्जी, रक्तदाब कोसळणं, क्वचित टेबलावरच मृत्यू. दुसरं सावकाश: सांडलेल्या प्रत्येक अंकुरापासून पोटभर नव्या गाठी, आणि चार-पाच वर्षांनी तोच रुग्ण पुन्हा दारात. गाठ पित्तनलिकेत फुटली तर कावीळ, थंडी वाजून ताप.

म्हणून जुन्या सर्जनांचा एक दंडक होता: हायडॅटिडला सुई लावायची नाही. पोट मोठं उघडायचं, सभोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडं पसरायची, गाठ शोषून रिकामी करायची, अंकुर मारणारं द्रावण भरायचं, आवरण काढायचं आणि उरलेली पोकळी बुजवायची. एके काळी त्या द्रावणासाठी फॉर्मॅलिनही वापरलं जाई. गाठ आणि पित्तनलिका यांच्यात एखादं बारीक भोक असेल तर ते औषध नलिकांत शिरून त्या कायमच्या आकसून जात, हे पुढे लक्षात आलं आणि त्याचा वापर थांबला. गाठ गेली आणि यकृत गमावलं, असे रुग्ण त्या काळात झाले.

सुईचा दंडक मोडला १९८० च्या दशकात. उत्तर आफ्रिकेत, विशेषतः ट्युनिशियात, हा रोग घरोघरी. तिथल्या डॉक्टरांनी गाठीचं सोनोग्राफीवरचं वर्गीकरण १९८१ मध्ये मांडलं होतं. पुढे सोनोग्राफीच्या नजरेखाली बारीक सुई घालून गाठ रिकामी करायची, आत तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल काही मिनिटं ठेवायचं आणि ते परत ओढून घ्यायचं, ही पद्धत रुजली. चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'पेअर' म्हणतात. सुई थेट गाठीत घालायची नाही, यकृताच्या चांगल्या भागातून न्यायची, म्हणजे सुई काढल्यावर भोक आपोआप दाबलं जातं. युक्ती साधी आहे, पण तीवरच सगळं अवलंबून असतं.

या पद्धतीचा जगात सर्वाधिक दाखला दिला जाणारा एक पुरावा आपल्या देशातला आहे आणि तो एका सरकारी संस्थेतला आहे, हे फारसं कुणाला माहीत नसतं. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी यकृतात हायडॅटिड असलेल्या ५० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. २५ जणांना गोळ्या आणि सुईनं निचरा, २५ जणांना शस्त्रक्रिया. निष्कर्ष १९९७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. सुईच्या गटाचा रुग्णालयातला मुक्काम सरासरी चार दिवसांचा, शस्त्रक्रियेच्या गटाचा जवळजवळ तेरा दिवसांचा. गुंतागुंत सुईच्या गटात २५ पैकी ८ जणांना, शस्त्रक्रियेच्या गटात २५ पैकी २१ जणांना. गाठ आक्रसण्याच्या बाबतीत अखेरीस दोन्ही गट सारखेच. संख्या लहान आहे आणि तुलना मोठा काप घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेशी आहे, दुर्बिणीशी नाही, हे लक्षात ठेवूनही, काश्मीर खोऱ्यातल्या मेंढपाळांसाठी केलेलं हे काम जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलं.

आता दुर्बीण. महाराष्ट्रात पोटाच्या दुर्बिणीचा इतिहास सुरू होतो तोही सरकारी रुग्णालयातच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये ती वापरायला सुरुवात केली. तेव्हा तिचं काम कापणं नव्हतं, बघणं होतं. पोटात पाणी झालेले, वजन उतरलेले, ताप असलेले रुग्ण रांगेनं येत. सीटी स्कॅन नव्हता. क्षयरोग, कर्करोग की यकृताचा आजार, हे ठरवण्यासाठी पोट उघडावं लागे. बेंबीपाशी एक सेंटिमीटरचा छेद घेऊन आत डोकावलं, एक तुकडा तपासायला काढला, की पुष्कळांचं मोठं ऑपरेशन टळत असे. याच रुग्णालयात उडवाडियांनी १९९० मध्ये देशातली दुर्बिणीची पहिली पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. नंतरची कथा सर्वांना माहीत आहे. आज तालुक्याच्या गावातही 'बिनटाक्याचं ऑपरेशन' अशी पाटी दिसते. (टाके असतातच, लहान असतात.)

हायडॅटिडच्या बाबतीत मात्र दुर्बीण उशिरा आणि बिचकत आली, आणि ते योग्यच झालं. पोटात वायू भरून दाब निर्माण केलेला, त्यात दाबाखालची गाठ टोचायची, आणि एक थेंबही सांडू द्यायचा नाही. कोइमतूरचे डॉ. सी. पलनीवेलू यांनी यासाठी खास जाड नळी बनवली. ती गाठीच्या भिंतीला घट्ट धरते, भोवती सतत शोषण चालू ठेवते आणि पटल नि पिल्लं गाठी पोटाच्या पोकळीत न पडता थेट बाहेर ओढून घेते. २००६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. भारतीय गरजेतून निघालेलं भारतीय अवजार. यकृताच्या पुढच्या पृष्ठभागालगतची गाठ आणि सरावलेला हात असेल, तर दुर्बिणीनं रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जातो. गाठ यकृताच्या पाठीमागे, मोठ्या शिरांलगत असेल, तर मोठा काप घेणारा सर्जन भित्रा नसतो, शहाणा असतो. शस्त्रक्रियेनंतर पित्त झिरपत राहणं ही सर्वांत जास्त आढळणारी अडचण. तीही आता अनेकदा पोट पुन्हा न उघडता सुटते: तोंडावाटे एंडोस्कोप घालून पित्तनलिकेत एक छोटी नळी ठेवली की पित्ताला सोपी वाट मिळते आणि गळती आपोआप थांबते.

तेव्हा 'दुर्बिणीनं निघेल का' याचं उत्तर बहुतेकदा 'हो' असू शकतं. पण प्रश्न अपुरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं या गाठीच्या सोनोग्राफीवरून पाच अवस्था ठरवल्या आहेत आणि उपचार त्या अवस्थेवर ठरतो, सर्जनच्या हौसेवर नाही. पहिल्या अवस्थेतली, एकाच कप्प्याची, पाच सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ केवळ गोळ्यांनी बरी होऊ शकते. त्याहून मोठी असेल तर गोळ्या आणि सुई. पिल्लं गाठींनी भरलेली असेल तर सुई पुरत नाही, तिथे शस्त्रक्रिया. आणि चौथी-पाचवी अवस्था, म्हणजे आतला ऐवज घट्ट झालेली किंवा भिंतीत चुना साचलेली गाठ, त्रास देत नसेल तर तिला हात लावायचा नाही. दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षानं सोनोग्राफी करायची. परजीवी आपल्या मरणानं मेलेला असतो किंवा मरायला टेकलेला असतो.

रुग्णाला पटवायला सर्वांत अवघड जातो तो हाच शेवटचा पर्याय. पोटात एवढी गाठ आहे, ती डॉक्टर स्वतः दाखवतोय, आणि म्हणतो काही करायचं नाही? कुटुंब दुसरीकडे जातं. दुसरीकडे कुणीतरी करायला तयार असतं, तेही लहान छिद्रांतून. आपल्याकडच्या व्यवस्थेचा कलही तिकडेच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेनं गरिबाला मोठ्या शस्त्रक्रियेचं दार उघडून दिलं, याबद्दल शंका नाही. पण अशा योजनांची रचना मुख्यतः दाखल होऊन केलेल्या उपचाराभोवती आहे. शस्त्रक्रियेला दर असतो. 'ही गाठ कापू नका' या सल्ल्याला आणि पाच वर्षं धीरानं केलेल्या पाठपुराव्याला कुठलाच दर नसतो. दुर्मीळ आजारात अनुभव मोजक्या हातांत असतो; तिथे हा कल जास्त महाग पडतो.

उलट बाजूची चूकही घडते. आपल्या भागात यकृतात अमिबाचा गळू होणं नेहमीचं. त्यात सुई घालून पू काढणं हेही नेहमीचं. त्या सवयीनं, रिपोर्टवर नुसतं 'सिस्ट' वाचून, तयारीशिवाय सुई घातली जाते. गळूचा रुग्ण तापानं फणफणलेला, दुखण्यानं वाकलेला असतो. हायडॅटिडचा रुग्ण बहुतेकदा चालत, शांतपणे आलेला असतो. हा फरक ओपीडीत दोन मिनिटांत कळतो, विचारलं तर. रक्ताची चाचणी मदत करते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाहीच असं होत नाही. 'पेअर' करायची तर आधीपासून गोळ्या सुरू हव्यात, शिरेत सलाईन हवं, ॲड्रेनॅलिन हाताशी हवं, भूलतज्ज्ञ जवळ हवा. सुई लहान म्हणून काम लहान होत नाही.

गोळ्यांची गोष्टही थोडी सांगायला हवी. औषध तेच, जे शाळेत जंतनाशक दिनी मुलांना दिलं जातं: अल्बेंडाझोल. तिथे एकच गोळी. इथे सकाळ-संध्याकाळ, महिनोन्‌महिने. ती रिकाम्या पोटी घेतली तर नीट शोषली जात नाही. तेलातुपाच्या जेवणाबरोबर घ्यावी लागते. आणि ती निर्धोक समजून दुकानातून आणून खात राहणं चूक आहे, कारण दीर्घकाळ घेताना यकृतावर आणि रक्तपेशींवर परिणाम होऊ शकतो. मधून मधून रक्त तपासावं लागतं. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या महिन्यांत, ती टाळतात. बरं वाटू लागलं, रोजगार बुडतो, एसटीला पैसे लागतात, म्हणून दुसऱ्या महिन्यात गोळ्या सुटतात. ऑपरेशन उत्तम झालेल्या रुग्णाची गाठ पुन्हा उद्भवते, त्याचं कारण कित्येकदा शस्त्रक्रियागृहात नसतं, या सुटलेल्या गोळ्यांत असतं.

हा रोग कुणाला होतो, हे सांगताना पुस्तकं मेंढपाळांकडे बोट दाखवतात. पुण्याच्या आसपास तर चित्र डोळ्यांसमोरच असतं. दसरा-दिवाळी झाली की फलटण, माण, खटावकडचे धनगर मेंढरं घेऊन घाटाकडे निघतात, कोकणात उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसतात, खत मिळतं. घोड्यावर संसार, कोकराला पाटीत जागा, आणि वाड्याभोवती राखणीची कुत्री. मेंढी, कुत्रं आणि माणूस एकाच रानात, एकाच पाण्यावर. लागण होण्याला सगळं अनुकूल.

पण थांबून विचार करावा अशी एक गोष्ट आहे. मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्र आणि लगतच्या पश्चिम भारतातली कापलेली जनावरं तपासली. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत गाठी सापडल्या त्या प्रामुख्यानं गाई-म्हशींमध्ये. मेंढ्या-शेळ्यांत प्रमाण नगण्य होतं. परजीवीचा जो वाण सर्वाधिक मिळाला, तो म्हशींचा वाण म्हणून ओळखला जातो. म्हणजे युरोपच्या पुस्तकात लिहिलेली मेंढी आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडचा प्रश्न मोठ्या प्रमाणात गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावराचा आणि शहरात खाटीकखान्याबाहेर, मटणाच्या दुकानामागे फेकलेल्या फुप्फुस-कलेजीचा आहे. धनगराला यात गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे. त्याच्या घरात रोग असू शकतो, आणि त्याच्यापर्यंत सोनोग्राफी सर्वांत शेवटी पोचते, एवढं मात्र खरं.

प्रतिबंध शक्य आहे का? आहे, आणि तो लस किंवा यंत्रमानवी शस्त्रक्रिया यायच्या कितीतरी आधी करून दाखवला गेला आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हा रोग मोठा घातकी होता. १८६३ मध्ये हॅराल्ड क्राबे नावाचा डॅनिश पशुवैद्य तिथे गेला, कुत्री तपासली, आणि लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. १८६४ मध्ये ती घरोघरी फुकट वाटली गेली. कुत्र्याला कच्ची आतडी-यकृत घालू नका, गाठी दिसल्या तर जाळा किंवा खोल पुरा, इतकंच तिचं सार. पाठोपाठ कुत्र्यांच्या संख्येवर आणि जंताच्या औषधावर कायदे आले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोग जवळजवळ नाहीसा झाला. न्यूझीलंड आणि टास्मानिया या मेंढ्यांच्याच मुलखांनी कुत्र्यांना नियमित औषध आणि कत्तलीवर नियंत्रण यांच्या जोरावर तेच साधलं. टास्मानिया १९९६ मध्ये आणि न्यूझीलंड २००२ मध्ये या रोगातून मुक्त झाल्याचं तात्पुरतं जाहीर झालं. बेटं होती म्हणून सोपं गेलं, हा आक्षेप खरा आहे. कुत्र्यांना मालक होते, हाही. पुण्यात तसं नाही.

तरीही पुण्यात काय करता येईल ते अगदीच अवघड नाही. महापालिका भटक्या कुत्र्यांची नसबंदी करते, रेबीजची लस टोचते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भटक्या कुत्र्यांबाबत दिलेल्या आदेशात नसबंदी आणि लसीकरणाच्या जोडीला जंताचं औषध देण्याचाही उल्लेख आहे. चावणारं कुत्रं बातमीत येतं, म्हणून सगळी चर्चा चाव्याभोवती फिरते. आदेशातला हा तिसरा शब्द कुणाच्या ध्यानात राहत नाही. या पट्टकृमीवर प्राझिक्वान्टेल नावाची गोळी चालते, स्वस्त आणि एका मात्रेत काम करणारी. अडचण एकच: कुत्र्यानं पुन्हा कच्चं फुप्फुस खाल्लं की सहा-सात आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखं. म्हणून आयुष्यात एकदा, नसबंदीच्या दिवशी, औषध देऊन भागत नाही. वर्षातून चार वेळा तरी ते द्यावं लागतं. शहरभर ते झेपणार नाही हे मान्य. पण कोंढव्याच्या खाटीकखान्याभोवती, मटण-बाजारांच्या गल्ल्यांत, कचरा डेपोंच्या परिसरात आणि धनगरांच्या वाड्यांवर ते नेमानं करता येईल. तिथली कुत्री ठरलेली असतात, तिथेच राहतात. खायला घालणारी माणसंही ठरलेली असतात, आणि बिस्किटात गोळी घालायला ती एरवी आनंदानं तयार होतील. महापालिकेनं त्यांच्याशी भांडण्यात जितका वेळ घालवला, त्याच्या दहाव्या हिश्श्यात हे जमलं असतं.

दुसरी गोष्ट मोजणीची. क्षयरोगाचा रुग्ण सापडला की त्याची नोंद करणं २०१२ पासून सक्तीचं आहे. हायडॅटिडचं तसं नाही. शहरातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी वर्षाकाठी किती गाठी काढल्या, रुग्ण कुठल्या गावचे, घरी कुत्रं होतं का, एवढी चार रकान्यांची वही जरी आरोग्य खात्यानं ठेवली, तरी कुठल्या तालुक्यात पशुवैद्याला पाठवायचं ते नकाशावर दिसेल. आज सर्जनला गाठ दिसते, पशुवैद्याला म्हैस दिसते, महापालिकेला कुत्रं दिसतं. तिघांची कार्यालयं एकाच शहरात आहेत.

घरच्या घरी करायचं तर: पाळलेल्या कुत्र्याला पशुवैद्याकडून दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, आणि ते पट्टकृमीवर चालणारं आहे ना, हे विचारून. कच्ची वजडी, फुप्फुस, कलेजी त्याला घालायची नाही. शिजवून घातली तर हरकत नाही. पालेभाजी, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली नीट धुवायची. मुलांनी कुत्र्याशी खेळावं, तोंड चाटू देऊ नये, जेवायच्या आधी हात साबणानं धुवावेत. आणि सोनोग्राफीत यकृतात गाठ निघाली तर सुई किंवा सुरी यांची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, ही हायडॅटिड आहे का आणि असेल तर कुठल्या अवस्थेतली.

ओपीडीतल्या त्या बाईचं सांगायचं तर, अशा रुग्णाचा बहुधा सीटी स्कॅन होतो, गोळ्या सुरू होतात, अवस्था पाहून सुई किंवा दुर्बीण ठरते, आणि ती महिन्याभरात चालती-फिरती होते. चांगला सर्जन तिला सोडताना आणखी एक चिठ्ठी लिहितो. ती असते सोबत आलेल्या मुलाच्या नि घरातल्या बाकीच्यांच्या सोनोग्राफीची. मुलगा म्हणतो, मला तर काही होत नाही. आईलाही वीस वर्षं काही होत नव्हतं. दोघं एकाच अंगणात वाढलेले असतात, आणि कुत्रं एकच होतं.